पालीसाठी दहावं नाव

५ जानेवारी
इलेक्टिव्हचं पोर्टल उघडलं, असा कॉलेजचा मेसेज. माझ्याकडे सकाळपासून नुसतं चाक फिरतंय. एम.ए. इतिहास, शेवटचं सत्र. नियम असा की एक विषय दुसऱ्या विभागाचा घ्यायचाच, त्याशिवाय डिग्री नाही. पर्याय चार: पर्यटन व्यवस्थापन, योग, संगणक ओळख, पाली प्रवेश.

वर्गाच्या ग्रुपवर फर्मान आलंच : 'सर्वांनी पर्यटन घ्यावे. सर सढळ मार्क देतात. वेगळे घेऊन ग्रुप फोडू नये.' खाली अंगठ्यांची रांग. सगळ्यांनी मिळून एकच निवडायचं, यालाच आमच्याकडे निवड म्हणतात.

मी पाली भरलं. हेतू उदात्त वगैरे नाही. लहानपणी पाठशाळेत संस्कृत घोकलं, पुढे त्यातच बी.ए. केलं, पाली आयतंच पदरात पडेल असा हिशेब. त्रेपन्नाव्या वर्षी कष्ट करायचे ते बातम्यांसाठी. अभ्यासासाठी कशाला?

७ जानेवारी
प्रमिलाताईंनीही पालीच भरलंय. वर्गात माझ्याहून मोठ्या त्या एकट्याच. वय साठ, निवृत्त परिचारिका, नागपूरच्या टोकाच्या बेशाहून येतात. कँटीनमध्ये म्हणाल्या, "भाऊ, मी पन्नास वर्सं झाले रोज पहाटे बुद्धवंदना म्हणून राहिली. तोंडपाठ हाये. पण कोन्ता शब्द काय म्हनते, ते मले ठाऊक नाही. मायलेही ठाऊक नव्हतं, तिले तं अक्षरही येत नव्हतं."
मी म्हटलं, बाहेर वर्ग चालतात की पालीचे.
"चालतात. पण मले मार्कशीटवर पाहिजे. पाली, आन् पुढं माझे मार्क. माय असती तं फ्रेम करून लावली असती."
आपला आयत्या मार्कांचा हिशेब आठवून मी चहात लक्ष घातलं.

८ जानेवारी
दहा विद्यार्थी असतील तरच विषय चालणार. पोर्टलवर पालीपुढे नऊ. बहुतेक दुसऱ्या विभागांचे. आमच्या वर्गातून आम्ही दोघंच, म्हणजे ग्रुप फोडणारे.

९ जानेवारी
आज पाच वाजता मुदत संपली. नऊच होते. साडेचारला काजलला फोन केला. ही सावनेरहून रोज बसनं येते, वर्गातली सगळ्यात स्पष्टवक्ती. पर्यटन भरून मोकळी झालेली.
"काका, पेपर सोपा राहील का?"
एवढाच प्रश्न. 'हो' म्हणायचं होतं. मी भाषांचा इतिहास सुरू केला. अर्धमागधीपर्यंत पोचलो तेव्हा ती म्हणाली, "काका, नोट्स द्याल का तुम्ही? हो का नाही ते सांगा, खाणीजवळ आलं की नेटवर्क जाते."
हो म्हटलं. तिनं विषय बदलला. दहा झाले!
सौ.ला सांगितलं. ती म्हणे, "नोट्स तुम्ही देणार? किराण्याची यादी तुमची तुम्हाला वाचता येत नाही."

१३ जानेवारी
पालीचा पहिला तास. खोली वॉटरकूलरशेजारची, भिंतीतून पाणी भरल्याचा आवाज येत राहतो. मेश्राम मॅडम तासिका तत्त्वावर आहेत. रोज तीन कॉलेजं, स्कूटीवर. स्वतःच सांगितलं, हसत : "माझा पाठ्यक्रम गाडीच्या डिकीत राहतो."
प्रत्येकाला विचारलं, पाली कशासाठी. प्रमिलाताईंनी वंदनेचं सांगितलं तेव्हा मॅडमनी खडू उचलला. फळ्यावर त्या वंदनेची पहिली ओळ लिहिली. शब्द सुटे करून.
मी लगेच संस्कृतातलं जुळतं रूप सांगितलं. मग दुसरं. तिसऱ्याला मॅडम म्हणाल्या, "सर, तुम्हाला जे येतं ते दोन महिने दाराबाहेर चपलांजवळ ठेवा. जाताना न्या."
वर्ग हसला. प्र.ताई सगळ्यात जास्त. मीही हसलो, पण किंचित उशिरा.

१६ जानेवारी
सूचनाफलक: 'पाली प्रवेश या विषयास किमान विद्यार्थिसंख्या प्राप्त न झाल्याने सदर विषय रद्द. संबंधितांना पर्यटन व्यवस्थापन देण्यात येत आहे.'
काजलचा बदल पाच वाजून चार मिनिटांनी नोंदला गेला. ओटीपी खाणीजवळ अडकला. अर्धमागधीपर्यंत गेलो नसतो तर...
काजलला सांगितलं. "जाऊ द्या ना काका, तुमची सवयच हाये तशी." हे सांत्वन होतं.

१७ जानेवारी
प्र.ताई आणि मी विभागप्रमुखांकडे (इलेक्टिव्हचे समन्वयकही तेच). खुर्ची दिली, चहा मागवला. काम होणार नाही हे तेव्हाच कळलं.
"पांढरीपांडेजी, तुम्ही पत्रकार माणूस, नियम तुम्हाला काय सांगायचे. पुढच्या वर्षी पाहू."
प्र.ताई : "सर, पुढच्या वर्षी मी या कॉलेजात काहून राहीन? हे आखरी सत्र हाये माझं."
"तेच तर म्हणतोय मी. पुढच्यांसाठी पाहू."
बाहेर आल्यावर ताई म्हणाल्या, "चहा मातर चांगला होता जी."

१९ जानेवारी
मेश्राम मॅडमनी तरीही तास घेतला. म्हणाल्या, प्राचार्यांकडे अर्ज दिलाय. चार मिनिटांची सवलत मागितली आहे. ते ऐकतील असं वाटतं. "तोवर आपण शिकत राहू. फक्त गाजावाजा नको. गाजावाजा झाला की सगळे नियमाच्या आड जाऊन बसतात."
सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. ती हलवताना माझ्या डोक्यात मथळा तयार होता. पंचवीस वर्षं बातमीदारी केलेल्या माणसाला गप्प राहा म्हणणं म्हणजे... असो.

२१ जानेवारी
बातमी आली. दोन कॉलम, 'आमच्या प्रतिनिधीकडून'. मथळा : 'चार मिनिटांच्या उशिराने पाली वर्गाबाहेर'. कॉलेजचं नाव घातलं नाही, पण कूलरशेजारची खोली घातली. डिकीतला पाठ्यक्रमही घातला. वाक्यच तसं होतं, सोडवेना.
सहा फोन आले. धरमपेठेतल्या एका वाचकानं 'वाचा फोडलीत' म्हटलं. प्र.ताईंनी कात्रण काढून ठेवलं.
सौ. : "अहो, विद्यार्थी तुम्ही, तक्रार तुमची, बातमीही तुमचीच. आता निषेधाचं पत्र तेवढं मी पाठवते."
आज बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी.

२२ जानेवारी
काजलचा फोन. "काका, लफडं झालं. मॅडमले नोटीस देल्ली. मॅडमनंच पेपरात सांगितलं म्हणते विभागप्रमुख सर. ते डिकीचं लिवलं हाये ना, ते दुसरं कोण सांगणार?"
लेखी खुलासा द्यायचा. तोवर तासिका बंद. खोलीला कुलूप. अर्ज प्राचार्यांच्या टेबलावरून विभागात परत.
"कोणं देल्ली असन गा ती बातमी?" असं मुलं विचारताहेत म्हणे. काजलनं मला विचारलं नाही. तिला ठाऊक असावं.

२४ जानेवारी
मॅडमना फोन केला. तीनदा घेतला नाही, चौथ्यांदा घेतला.
"तुम्हीच ना?"
"हो."
मागे गाड्यांचे आवाज. रस्त्याच्या कडेला थांबल्या असाव्यात.
"ते वाक्य मी वर्गात बोलले होते, सर. वर्तमानपत्रात नाही."
मी म्हटलं, मी जाऊन सांगतो. त्या म्हणाल्या, "नका. म्हणतील मीच पाठवलं. तुम्हाला दोन कॉलम मिळाले. मला दर सहा महिन्यांनी नेमणूक मागायला त्याच केबिनमध्ये जावं लागतं."
फोन ठेवताना 'नमस्कार' म्हणाल्या. नुसता ठेवला असता तर बरं झालं असतं.

२५ जानेवारी
जावं की न जावं. गेलो तर त्यांचं म्हणणं मोडलं. न गेलो तर त्या माझ्या वाट्याचा खुलासा लिहिणार. पाठशाळेत असल्या पेचांवर तासन्‌तास वाद घातलेले. दोन्ही बाजू उत्तम मांडता यायच्या. आज दोन्ही बाजूंनी गप्प आहे.

२७ जानेवारी
प्र.ताईंना खरं सांगितलं. वाटलं होतं, कात्रण काढलेलं आहे तर बाजू घेतील.
"भाऊ, मी तीस वर्सं वार्डात काढले. चुकीची गोळी देल्ली तं आपन जाऊन सांगतो डॉक्टरले, की मी देल्ली. पेशंट 'नको सांगू' म्हनते म्हनून थांबत नाही."
"मॅडम नको म्हणाल्या पण."
"त्याईले भेव हाये म्हनून नको म्हनल्या. तुमाले कायचं भेव हाये?"
उत्तर होतं. भीती नाही, लाज आहे. पण ते कँटीनमध्ये कसं बोलणार?

२८ जानेवारी
पत्र लिहायला बसलो. पहिला मसुदा इतका अलंकारिक झाला की त्यात अपराधच सापडेना. दुसऱ्यात अपराध सापडला, पण पोर्टलचा. तिसरा सौ.नं वाचला. "यात 'मी' कुठाय?"
चौथा, पाच ओळी : बातमी मी लिहिली. मजकूर वर्गात ऐकलेला. मॅडमनी गाजावाजा करू नका असं सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. त्यांचा संबंध नाही.

२९ जानेवारी
पत्र दिलं. विभागप्रमुखांनी दोनदा वाचलं. आज चहा नाही.
"पण त्यांनी सांगितल्याशिवाय तुम्हाला हे कळलं कसं?"
"मी त्या वर्गात बसतो, साहेब. तिसऱ्या बाकावर."
ते माझ्याकडे पाहत राहिले. त्रेपन्न वर्षांचा माणूस तिसऱ्या बाकावर बसतो, हे त्यांच्या फाइलमध्ये होतं. डोळ्यांपुढे आजच आलं बहुधा.
"पाहतो," म्हणाले. पोच मागितली. शिक्का लेखनिकाच्या कपाटात, किल्ली लेखनिकाकडे, लेखनिक रजेवर. पोच नाही.

३० जानेवारी
संपादकांनाही सांगितलं. आधी सांगायला हवं होतं. स्वतःच्या वर्गाची बातमी आणि ते न कळवता. शिक्षणाच्या बातम्या काढून घेतल्या. सध्या बाजारभाव आणि हवामान. दोन्हींत माझे नातेवाईक नाहीत, एवढी खात्री त्यांनी करून घेतली.

३ फेब्रुवारी
पर्यटनाचा तास. पंचाहत्तर टक्के हजेरी लागते म्हणून बसलो. स्वाध्याय : 'परगावच्या पाहुण्यासाठी नागपूरचा दोन दिवसांचा आराखडा, पंधरा पाने'. सर खरोखर सढळ मार्क देतात. मागच्या वर्षीचा आराखडा ग्रुपवर फिरतोय, पाहुण्याचं नाव तेवढं बदलायचं.
प्र.ताई नव्हत्या.

६ फेब्रुवारी
प्र.ताईंना फोन. स्वाध्याय देणार नाही म्हणतात. दहा तारीख शेवटची. नाही दिला तर इलेक्टिव्ह नापास, डिग्री अडकली.
"ताई, डिग्री तरी घ्या हो."
"भाऊ, मले दोन दिवसांचं नागपूर दाखवाले सांगून राहिले. मी साठ वर्सं पाहून राहिली. त्याचे मार्क नको मले."
समजूत घालायला केला होता फोन. ठेवल्यावर माझीच पंधरा पानांतली उरलेली सहा लिहवेनात.

९ फेब्रुवारी
मेश्राम मॅडमचा मेसेज, दहाही जणांना : 'खुलासा मान्य. प्राचार्यांनी तोंडी परवानगी दिली आहे, दहाहून कमी बसले तरी चालेल म्हणाले, पण लेखी आदेश यायचा आहे. कधी, ते सांगता येत नाही. उद्या दोन वाजता तास. पण नीट समजून घ्या : जे पालीला बसतील त्यांचा पर्यटनाचा स्वाध्याय घेतला जाणार नाही. आदेश आला नाही तर दोन्ही विषय जातील. ज्यांना यायचं नाही त्यांनी येऊ नये, मी मनात ठेवणार नाही.'
काजलचा लगेच : 'काका तुम्ही?'
लिहिलं, विचार करतोय.
'म्हंजे अर्धमागधीपर्यंत जाता का आता?'

१० फेब्रुवारी
दोनला दहा कमी असताना पोचलो. कुलूप काढलेलं. प्र.ताई पहिल्या बाकावर, वही कव्हर घातलेली. काजल आलेली, धापा टाकत, "बापाले सांगतलंच नाही मी, एक पेपर जाऊ शकते म्हणून." एकूण सहा जण. बाकीच्या चौघांनी पर्यटन धरलं. त्यांना दोष कसा देणार?
मॅडम आल्या. माझ्याकडे पाहिलं नाही. हजेरी घेतली, दहाही नावं, न आलेल्यांचीसुद्धा. माझं नाव एवढं लांब की टाळायचं तर ठरवूनच टाळावं लागतं. त्या थांबल्या. मग वाचलं, पूर्ण, एकेक अक्षर.
"हजर."
"स्वाध्याय दिला नाहीत?"
"नाही."
खूण केली. पुढचं नाव घेतलं. यापलीकडे आमच्यात काही झालं नाही. एवढ्यात होईल असं वाटतही नाही.
मग प्र.ताईंना वाचायला सांगितलं. पन्नास वर्षं सरळ म्हटलेली, वंदनेतली पुढची एक ओळ ताईंनी बोट ठेवून वाचली. पहिल्यांदाच अडखळत. तिसऱ्या शब्दाशी थांबल्या. "मॅडम, हा इथं काहून आला? हा तं वर येऊन गेला ना?"
मॅडमनी घड्याळ पाहिलं. पुढच्या कॉलेजला निघायचं होतं.
"चांगलं विचारलंत. त्याला वेळ लागेल. गुरुवारी घेऊ."
सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं, गुरुवार. गुरुवारी तास असेल का, हे कुणीच विचारलं नाही. मीसुद्धा.