मेंढरं आज कुठं बसणार

गोरेगाव (ता. सेनगाव), १४ फेब्रुवारी २००८

चि. वैजनाथ यास रामकिशनमामाचा आशीर्वाद. तिकडच्या थंडीत कान झाकतोस ना? माझी तब्येत उत्तम आहे, गुडघे सोडून. (तुझी मामी गेल्यापासून ते माझ्या विचारांचे राहिलेले नाहीत.)

तू मानववंशशास्त्रात डॉक्टर झालास तेव्हा मी गावभर पेढे वाटले. आता तुझे पत्र आले की, परक्या मुलखात शिरलेली एक फौज तुला नोकरी देते आहे. खेड्यांत बसायचे, चहा प्यायचा, कोण कुणाचा मेहुणा, कुणाचे कुणाशी वाकडे, हे विचारून साहेबांना सांगायचे. याने गोळ्या कमी झाडल्या जातील, असे तू लिहितोस. अरे, नेम बरोबर बसला की गोळ्या कमीच लागतात!

मी बाजाराच्या दिवशी निषेधसभा घेतली. लाऊडस्पीकर, सतरंजी, घशासाठी खडीसाखर. श्रोते तीन: सेनगावची जीप चुकलेला सोनाजी, सतरंजीवाला (त्याला सतरंजी परत न्यायची होती) आणि मेंढरांचे औषध घ्यायला आलेल्या गोजरबाई. मी दीड तास गरजलो. विश्वासाने सांगितलेले बंदूकवाल्याला पोचवणे म्हणजे खाल्ल्या घरचे वासे मोजणे, असे म्हणालो. सोनाजी उठून उभा राहिला. मला वाटले, भारावला. जीप आली होती.

मग गोजरबाई बोलल्या. "गुरुजी, बारा सालामागं तुमचा भाचा वही घेऊन आला. रातच्याला मेंढरं कोणाच्या वावरात बसणार, ते आमी परक्याला सांगत न्हाई, चोर टपलेले असतेत. 'सांगा, आपलंच लेकरू हाय,' असं कोन म्हनलं?"

मी म्हणालो, मी.

"मंग त्याच्याच नावानं काहून ओरडून राहिले?"

वैजनाथ, चाळीस वर्षांत माझ्या भाषणाला उत्तर देणाऱ्या त्या पहिल्याच. उरलेली खडीसाखर त्यांना देऊन मी घरी आलो. तिथल्या गावातही कुणी म्हातारा तुझ्यासाठी असाच शब्द टाकील. फौज दारात आल्यावर त्याने गावाला काय तोंड दाखवायचे? नाही म्हण, बाबा.

तुझा मामा,
रामकिशन

ता. क. गोजरबाईंची पाने वहीतून काढून पाठव. त्यांच्या हातात द्यायची आहेत.

आणखी एक. माझ्यावरची अकरा पाने राहू दे. मामीनंतर मला समोर बसवून विचारणारा तूच एक. नोकरी नाकारलीस तर वही घेऊन ये, सांगायचे पुष्कळ राहिले आहे. घेतलीस, तरी ये. मी काही सांगणार नाही. नुसता चहा घेऊ.