आरसा उलटा करून पाहिला तेव्हा

१० जानेवारी
ती. बाबांस,
शि. सा. न.
खोकल्याचं तुम्ही काही लिहिलं नाहीत, म्हणजे तो आहेच.
आमच्या नियोजित क्ष-किरण दुर्बिणीचा नमुना-आरसा मी तपासतेय. हे किरण समोरून पडले तर आरशात घुसतात, म्हणून आरसा नळीसारखा. आतल्या भिंतीला जेमतेम घासून ते पुढे एका जागी जमतात. ठिपका यायला हवा, तिथे फराटा येतोय. नळीच्या खालच्या बाजूला बारीकसा बाक आहे. महिनाअखेरीच्या बैठकीत समिती दुर्बीण ठेवायची की गुंडाळायची ते ठरवणार. साहेब म्हणाले, हे आत्ताच कशाला? तरीही मी ते अहवालात लिहिलं. आता जेवण जात नाही. हा प्रामाणिकपणा, की आपण किती चोख आहोत हे दाखवायची हौस?
तुमची,
धाकटी

१६ जानेवारी
चि. शंकेखोर बाईस,
अनेक आशीर्वाद.
खोकला आहे. तोही तुझ्यासारखाच, कुणाचं ऐकत नाही.
लिहिलंस ते बरं केलंस. हौस असली तर असू दे. पण नळी आडवी ठेवली आहेस ना? पन्नास वर्षं कपडे शिवले. घेराला झोळ दिसला की उसवण्याआधी मी कपडा उलटा टांगायचो. झोळ कपड्याबरोबर फिरला तर चूक माझ्या कात्रीची. खालीच राहिला तर कापडाच्या वजनाची. वर आकाशात नळीला वजन असतं का, ते तूच जाणे.
जेवत जा.
तुझे,
बाबा

२ फेब्रुवारी
ती. बाबांस,
शि. सा. न.
पत्र वाचून आधी हसले, मग तडक प्रयोगशाळेत गेले. वजनाचा बाक आम्ही गणितातच वजा केला होता, म्हणून नळी कुणी फिरवलीच नव्हती. फिरवली. बाक खालीच राहिला! गणित पुन्हा पाहिलं, तर नळी ज्या आधारांवर टेकवलीय त्यांची जागा जुनी धरलेली. ते गणित माझंच.
समितीपुढे उभं राहून तेही सांगितलं. गणितातली चूक सुधारली आणि हिशेबात फराट्याचा ठिपका झाला. वर तर वजनच नसणार. बाबा, दुर्बीण होणार! एकमताने! साहेबांनी टेबलावर इतक्या जोरात हात आपटला की चहा माझ्या कागदांवर सांडला.
अध्यक्षबाईंनी विचारलं, फिरवायची कल्पना कुणाची? मी म्हटलं, एका निवृत्त शिंप्याची. त्या हसल्या नाहीत. इतिवृत्तात तसंच लिहून घ्या म्हणाल्या. नक्कल सोबत जोडली आहे; ओळीखाली रेघ मी मारली आहे.
काल दोनदा जेवले. लोभाला झोळ पडू देऊ नका.
तुमची,
धाकटी