शेगडी गेली, डबा आला

विंटन, ११ मे

चि. फर्गस यास अ. उ. आ.

आपली घर तापवणारी कोळशाची शेगडी काल भंगारात गेली. शेजारच्या नोलीनने ट्रक कोपऱ्यावरून वळेपर्यंत स्वतः पाहिलं, तेव्हा बातमी पक्की समज. तिच्या जागी भिंतीवर तुझा विजेवर घर तापवणारा हीट पंप बसला आहे. दिसायला पांढरा डबा, आवाज म्हाताऱ्या कुत्र्याच्या घोरण्यासारखा.

ब्रिस्बेनच्या उन्हात अर्ध्या चड्डीत बसून फोनवरून इथल्या हिवाळ्यात बहिणीचं घर गरम केलंस, याबद्दल तुझं कौतुक. फक्त एक गोष्ट राहिली. संध्याकाळी अंघोळीसाठी नळ सोडला तर पाणी बर्फासारखं. शेगडीच्या पाठीमागून जाणाऱ्या नळीत बाबांच्या काळापासून आपलं पाणी तापायचं. तुझ्या माणसांनी तीही कापून नेली. सगळं बालपण याच घरात गरम पाण्याने अंघोळ केलीस, ते कुठून येतं हे एकदाही विचारावंसं वाटलं नाही? आज मी नोलीनकडे अंघोळीला गेले. सत्तरीत रस्त्याने टॉवेल मिरवायची हौसही तुझ्या कृपेने फिटली.

डॉक्टरांचं बोलणं मी विसरलेले नाही. न्यूमोनियानंतर माझ्या छातीला धूर सोसणार नाही आणि गार घरही सोसणार नाही. घर जमलं नाही तर वृद्धाश्रम. तिथली खोली तू आधीच धरून ठेवली आहेस, इतका तुझा तुझ्याच डब्यावर विश्वास!

मुलांना आशीर्वाद. माया आहे, पण सध्या गारठलेली आहे.

मोरॅग


ब्रिस्बेन, १९ मे

ती. मोरॅगताईस सा. न. वि. वि.

नळीचं विसरलो, चूक माझी. शुक्रवारी प्लंबर येऊन पाण्याच्या टाकीत विजेची कॉइल बसवील. पण ताई, नळी कापताना तू तिथेच होतीस ना? कारागीर सांगत होता की बाईंनी गरमागरम चीज रोल खाऊ घातले, खुर्ची टाकून सगळं काम पाहिलं आणि हूं की चूं केलं नाही. धन्य आहेस! भावाला मूर्ख ठरवता यावं म्हणून स्वतः गारठायची तयारी.

नोलीनने फोनवर तुझी चहाडीही केली आहे. पंप तू संध्याकाळी फक्त बातम्यांपुरता लावतेस, तोही खिडकी उघडी टाकून, आणि वर कोट घालून तिलाच सांगतेस की बघ, ऊब कुठे आहे? ताई, ती शेगडी नाही, घटकाभर पेटवून विझवायला. दिवसभर हळू चालू ठेव.

जूनमध्ये डॉक्टरांची नर्स तुला आणि घराला तपासायला येईल. तिला घर गार लागलं तर ती वृद्धाश्रमाचंच नाव घेईल, आणि मग मलाही तुझी बाजू घेता येणार नाही.

लहान भावावरचा राग खुशाल ठेव, पण खिडकी लाव.

तुझा फर्गस


विंटन, १४ जून

चि. फर्गस यास अ. उ. आ.

नर्स काल येऊन गेली. छाती मोकळी, घर उबदार, बाईंनी इथेच राहायला हरकत नाही, असं तिचं म्हणणं पडलं. डॉक्टरांनी आज फोनवर त्याला दुजोरा दिला.

आता नळीबद्दल. यातलं मला काही कळत नाही, मी मध्ये पडू नये, असं तूच मला बजावलं होतंस. नाही पडले.

डबा हरावा असं माझ्या मनात होतंच. तो हरला की तू हरलास. गेल्या आठवड्यात दव गोठून अंगण पांढरं झालं होतं, मी कोटात खोकत बसले होते. नोलीन आत आली, मला न्याहाळलं आणि म्हणाली की झकास, जिंकत आलीस, आता सामान बांधायला मदत करू का? त्या बाईला बोलायची रीत म्हणून नाही. पण ती गेल्यावर मी खिडकी लावली आणि डबा सुरू केला. तो अजून बंद केलेला नाही.

वृद्धाश्रमाला मीच कळवलं की फर्गसने धरलेली खोली दुसऱ्या कोणाला द्या.

फोनवर म्हणालास तसा तू शनिवारी इथे पोहोचशील. डबा चांगला आहे असं माझ्या तोंडून ऐकायला येत असशील, तर विमानाचं तिकीट वाया गेलं म्हणून समज. तुझं अंथरूण मागच्या खोलीत घातलं आहे. तुझ्या डब्याची ऊब तिथपर्यंत पोहोचत नाही, हे तुला रात्री कळेलच.

लोभ आहेच, पांघरूण मात्र स्वतःचं आण.

मोरॅग