खिडकीची पाळी

॥ बिरोबा प्रसन्न ॥

सबजेल
४ जुलै २०२४

ती. पुष्पाआक्कास धाकटा भाऊ भैरवनाथ याचा सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, मी खुशाल हाय. हे पत्र आधी इथले साहेब वाचत्यात, म्हणून त्यांनाबी नमस्कार. भेटीला येऊ नको म्हटलं त्याचा राग धरू नको. जाळीतून तुझं तोंड बघितलं की दोन दिवस भाकर घशाखाली उतरत न्हाई.

आक्का, एक लई चांगली गोष्ट झाली. शाळेची आन् आमची भिंत एकच. सकाळचा परिपाठ स्पीकरवरनं थेट आमच्या बराकीत येतो. परवा एक पोरगी सुविचार सांगाया उभी राहिली आन् बोलायच्या आधी खाकरली. तिची आई, देवाघरची, अशीच खाकरायची. मी हातातली ताटली खाली ठेवली. ही तर आपली तेजू! दादाभाऊ हवालदारानं विचारलं, काय झालं रं. म्हटलं, माझी आठवीतली लेक बोलती. तवापासनं समदी बराक त्या टायमाला गप बसती.

मला आता दुसरं काय नको. काय बी होऊ दे, तिची शाळा तेवढी सुटू देऊ नको.

तुझ्या मायेचा भुकेला,
भैरू

---

१८ जुलै २०२४

चि. भैरूस आक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. मधी एक भिंत, पण टपालानं गाव फिरून आलं. मी शाळेत खिचडीचं पातेलं उतरवते तवा तुमच्या कौलावरचा कावळा दिसतो मला. लहानपणी मास्तर दिसला की मेंढरांत लपायचास, आता रोज शाळेत हजर! चांगला धडा मिळाला बाबा तुला.

तेजू माझ्यापाशी सुखी हाय, पण गप गप असती. रामनाथची समृद्धी तिच्याच वर्गात. त्याच्या टोमॅटोत आपली मेंढरं शिरली, तू काठी उगारली, आन् रामनाथ अजून पडून हाय. वाचा आली न्हाई त्याला. दोघी पोरी एका बाकावर बसायच्या, आता दोन टोकांना बसत्यात.

महत्त्वाचं लिहिते. तुमाला कोर्टात न्यायला बाहेर काढतात तवा जेलच्या अंगाच्या खिडक्या लावायच्या, असा साधनाबाईंनी नियम केलाय. मुख्याध्यापक बाई चांगल्या, पोरांनी बघू नये म्हणून केला. पण खिडकी लागली की समद्यांना कळतंच, आज तारीख हाय. हजेरीपटाप्रमाणं एकेकाची पाळी असती. ह्या सोमवारी तुझी तारीख आन् तेजूचीच पाळी. पोरगी परवापासनं जेवली न्हाई. मी बाईंना सांगते म्हटलं, तर माझा हात धरून बसली, आत्या नको, सगळ्यांना कळंल म्हणाली.

तवा भैरू, माझी आण हाय. सोमवारी मान खाली घालून सरळ जा. शाळेकडं बघू नको.

जिवाला जप.
आक्का

---

सबजेल
२२ जुलै २०२४, सोमवार

ती. आक्कास सा. न. वि. वि.

आज मी लई आनंदात हाय! कोर्टात जाताना शाळेच्या खिडकीत आपली तेजू! खिडकी ओढत व्हती. किती उंच झाली गं. चार महिने झाले बघून. मी हात केला. बेडी असल्यानं दोन्ही हात एकदम वर गेले, पण तिला दिसलं. क्षणभर तशीच उभी राहिली, मग खिडकी लावली.

जामीन काय आजबी झाला न्हाई. वकील म्हणतो पुढल्या तारखेला. पण मला त्याचं काय वाटलं न्हाई.

संध्याकाळी परत आलो तर तुझं १८ तारखेचं पत्र येऊन पडलेलं. वाचलं. आक्का, माझं चुकलं का? तिला विचारून कळव. लगेच कळव.

भैरू

---

नारायणगाव
२ ऑगस्ट २०२४

प्रिय आत्यास, तेजस्विनीचा शि. सा. न.

मी मामाकडे सुखरूप पोचले. न सांगता जीपमध्ये बसले म्हणून रागावू नकोस. मामी सकाळी मार्केटला टोमॅटो निवडायला जाते, मी पण जाते. इथे मला कोणी ओळखत नाही.

शाळेत मी परत येणार नाही. पप्पांनी हात केला ना, तेव्हापासून वर्गातली मुलं एकमेकांना दोन्ही मनगटं जोडून टाटा करतात. मधल्या सुट्टीत, बसस्टँडवर, तुझ्या खिचडीच्या रांगेतसुद्धा. तू पाठमोरी होतीस. मी पप्पांना हात केला नाही, खिडकी लावली. ते मला रोज आठवतं.

फक्त समृद्धी तेवढी हसली नाही. उलट मुलांवर ओरडली. आत्या, ती हसली असती तर बरं झालं असतं.

पप्पांना यातलं काही कळवू नकोस. तुला माझी शपथ.

तुझी लाडकी,
तेजू

---

सबजेल
२६ ऑगस्ट २०२४

ती. आक्कास सा. न. वि. वि.

तेजू मजेत हाय, रोज परिपाठ करती, असं तू कळवलंस. जीव भांड्यात पडला. मीबी रोज ऐकतो. आवाजात आता धीर आलाय, बातम्या कशा खणखणीत वाचती! दादाभाऊ हवालदार म्हणतो, भैरू, तुझी लेक कलेक्टर व्हणार.

तिला माझा आशीर्वाद सांग. तारीख पुढं गेली. पुन्हा नेलं तवा मी मान वर केली न्हाई. खिडकी कुणी लावली ते बघितलं न्हाई.

भैरू

---

५ सप्टेंबर २०२४

चि. भैरूस आशीर्वाद.

आज शिक्षकदिन, पोरांनीच शाळा चालवली. मी चुलीपाशी बसून रडले. आता मला खोटं झेपत न्हाई. तेजूची शपथ मोडते, पाप लागायचं ते मला लागू दे.

तेजू शाळेत न्हाई. महिना झाला, नारायणगावला मामाकडं टोमॅटो निवडती. तू हात केलास त्याची पोरांनी नक्कल केली, ती तिला सोसली न्हाई. मी दोनदा गेले, साधनाबाई सोबत आल्या. मी पाया पडले रे पोरीच्या. ती क्रेटवर बसून टोमॅटो निवडतच राहिली. तिथल्या शाळेत घालू म्हटलं तर म्हणाली, तिथंबी खिडक्या असतील.

आन् तू ऐकतोस ती रामनाथची समृद्धी हाय. तेजू गेल्यावर बाईंनी परिपाठ तिला दिला. तू रोज सुखानं ऐकतोस म्हणून मी गप बसले. मोठी बहीण असून तुला फसवलं.

मला माफ कर.
आक्का

---

सबजेल
१२ सप्टेंबर २०२४

ती. आक्कास भैरूचा सा. न. वि. वि.

तू मला फसवलं न्हाईस. ही पोरगी बोलायच्या आधी खाकरत न्हाई. ती वाचाया लागली त्याच्या दुसऱ्याच दिवशी मला कळलं व्हतं. पण विचारलं असतं तर तू खरं सांगितलं असतंस, म्हणून विचारलं न्हाई. बराकीलाबी सांगितलं न्हाई. ते अजून तिला माझीच लेक समजत्यात, मीबी तसंच समजून ऐकत व्हतो.

फक्त ती कुणाची, ते ठाऊक नव्हतं.

तेजूला जबरदस्ती करू नको. मारू तर अजिबात नको. मी इथनं काय करणार? तिला म्हणावं, खिडकी लावली ते बरोबर केलं.

आज सकाळी परिपाठ लागला तवा मी कानावर हात ठेवाया गेलो. तेवढ्यात दादाभाऊंनी समद्यांना दटावलं, गप बसा रं, भैरूची पोरगी बोलती. मग मी हात खाली घेतले आन् उभा राहून शेवटपर्यंत ऐकलं. लई चांगली वाचती गं पोरगी.

खिचडी वाढताना तिला एक पळी जास्त घाल. माझं नाव सांगू नको. आन् एवढंच विचारून कळव, तिच्या बापाला बोलता याया लागलं का.

आठवण ठेव, आक्का.
भैरू