गवतावरची माफी

आपिया, ३ मार्च

ती. लांगीताईस,
सेतेफानोचा शि. सा. न. वि. वि.

तू पाठवलेला मासा पोचला. पोरांनी माझ्यासाठी काटे तेवढे ठेवले. ताई, गावच्या शाळेच्या छपराचे पैसे ठेकेदाराने आणि मंत्र्याने खाल्ले, ही आमच्या पेपरातली बातमी खरीच होती. पण ठेकेदार आणि आपले फेतू मास्तर नावाआधी एकच कुळपदवी लावणारे. पदवी पाहून घाईत फोटो मास्तरांचा छापला गेला. संपादक मी, तपासायला हवं होतं मी. मास्तरांनी चर्चला जाणं सोडलं, अंथरूण धरलं, आणि गेले.

मालक म्हणतात, आता चूक कबूल केलीस तर मंत्री खोट्या बातम्यांच्या नव्या कायद्याने पेपरला टाळं ठोकेल, गप्प बस. मला राहवत नाही. आपल्या रीतीप्रमाणे मास्तरांच्या दारी चटई पांघरून बसणार आहे; घरच्यांनी ती उचलून ठेवून घेतली की माफी. आईची बारीक विणीची चटई काढून ठेव. शनिवारच्या बोटीने येतो.

तुझा सेतेफानो

सावाई, १२ मार्च

चि. सेतेफानोस,
अनेक आशीर्वाद.

उजाडल्यापासून तू उन्हात चटईखाली बसलास आणि कुणी ती उचलली नाही. तू चटई माझ्याकडे देऊन तसाच बोटीत चढलास, मला फार रडू आलं. काल मास्तरांच्या मालियाबाईंशी भांडायला गेले. त्या म्हणाल्या, बदनामी कागदावर, साऱ्या बेटांनी वाचली. माफी मात्र आमच्या अंगणातल्या गवतावर, ती कोण वाचणार? मी परत आले आणि हे लिहायला बसले.

पहिल्या पानावर छाप, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत. लहानपणी मार खायला पुढे आणि खरं बोलायला मागे असायचास. आता तरी उलट कर.

जेवत जा.
लांगी

आपिया, २० मार्च

ती. ताईस,
सा. न.

छापलं. मंत्र्याने सभागृहात तो अंक फडकावला, म्हणाला, पाहा, हे खोटं लिहितात! काल कचेरीला टाळं लागलं. छपराची पुढची बातमी आत जुळवून तयार होती.

माया पातळ करू नकोस.
सेतेफानो

सावाई, २९ मार्च

चि. सेतेफानोस,
आशीर्वाद.

मालियाबाईंनी तुझा अंक मास्तरांच्या कबरीवर दगडाखाली ठेवला. मग स्वतः येऊन आईची चटई मागून नेली. म्हणजे तुला माफी मिळाली, बाळा.

कालच्या पावसात शाळा गळली. पोरं मास्तरांच्या ओट्यावर दाटीने बसली होती. मालियाबाईंनी मला विचारलं, आता छपराचं कोण छापणार? तुला सुचलं तर कळव.

तुझी
लांगी