विहीणबाईंचा टीव्ही

३ फेब्रुवारी, मंगळवार
आज पुन्हा नातीचा विहीणबाईंना फोन! मला नाही.

नात माझ्या लेकाची. पण आईच्या आईकडे ओढा जास्त. तिकडची आजी शिकलेली ना – निवृत्त शिक्षिका. मी अंगठाबहाद्दर. हेसुद्धा मी बोलते आणि फोन लिहितो. त्याला तरी माझं ऐकायला वेळ आहे.

४ फेब्रुवारी, बुधवार
सुनेकडून सगळं काढून घेतलं. टीव्हीवर मालिका दाखवणारा जो प्लेअर असतो, तो नात बनवते. प्रत्येक व्हिडिओबरोबर त्याला एक यादी येते – कुठला तुकडा कुठून आणायचा त्याची. आता त्याच यादीत लिहायचं, की बाबा, तू कुठे अडकलास, किती वेळ अडकलास, ते उलट कळव. यादीत विचारलंय तेवढंच सांगायचं, एक शब्द जास्त नाही. हा गुण सुनेत असता तर!

तपासायला दोन टीव्ही घेतलेत. माझा आणि विहीणबाईंचा. त्यांचा सारखा अडकतो, म्हणून रोज लाडीगोडीचा फोन – “आज्जी, आज कुठे थांबलं गं?”
माझा मेला अडकतच नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार
चार वाजता वायफायच्या डब्याची वायर काढली. दहा मिनिटांनी लावली.
साडेचारला फोन! “आजी, तुझाही अडकला?” म्हटलं, “हो गं बाई, काय सांगू!” अर्धा तास बोलली. गुडघ्याचंही विचारलं.

६ फेब्रुवारी
वायर. फोन.

९ फेब्रुवारी, सोमवार
चार दिवस माझ्याकडेच फोन. विहीणबाईंकडे एकही नाही, सुनेनं सांगितलं. बसा आता वाट बघत!
नातीचा आवाज मात्र उतरलेला. “दोन्ही टीव्ही अडकतात म्हणजे दोष माझ्याच कामात. शुक्रवारी साहेबांना दाखवायचंय. बहुतेक रद्दच करतील.”
तरी वायर काढलीच. सवय वाईट.

११ फेब्रुवारी, बुधवार
पकडले गेले.
प्लेअरला हातही लावला नाही पोरीनं. यादीत फक्त एक ओळ वाढवली – अडकल्यावर बघणाऱ्यानं कुठलं बटण दाबलं, तेही कळव.

“आजी, तुझं नेट रोज ठोक चारला जातं नि चार दहाला येतं. आणि तेवढ्या वेळात तू एकही बटण दाबत नाहीस. तू नि गप्प बसणार? खरं सांग.”
सांगितलं. हसेल वाटलं. हसली नाही.
“तिकडच्या आज्जीचं नेट उत्तम आहे, आजी. पडद्यावर चौकट येते – ‘बघणं चालू ठेवायचं का?’ विचारणारी. ती बटणच दाबत नाही. चाळीस-चाळीस मिनिटं. तुझाही अडकतो म्हणून मी दोघींचं अडकणं एकाच माळेत धरलं. नाहीतर सोमवारीच कळलं असतं.”
“काय कळलं असतं?”
“तिला चौकट दिसत नाही.”

१२ फेब्रुवारी, गुरुवार
डॉक्टर म्हणाले, एक डोळा गेल्यातच जमा, दुसरा वाचेल. विहीणबाईंनी वर्षभर कुणाला कळू दिलं नाही. घर सोडायला लावतील म्हणून. नातीचा फोन आला की म्हणायच्या, “थांबतं बाई तुझं ते यंत्र.” आणि मी त्या फोनवर जळत होते. जळो माझी जीभ.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार
साहेबांनी काम पास केलं. नातीचा पहिला फोन विहीणबाईंना, दुसरा मला. चालेल.

१६ फेब्रुवारी, सोमवार
चार वाजता विहीणबाईंकडे गेले. शेजारी बसून मालिका लावली. मध्येच ती चौकट आली.
“काय लिहिलंय हो?” त्या म्हणाल्या.
“मला कुठे वाचता येतं!”
“आकार सांगा.”
“काठी आहे. तिला डावीकडे पोट. पोटात रेघ.”
“ब,” विहीणबाई म्हणाल्या. “पुढचं?”