आरशातलं आकाश

समरकंद,
शुक्रवार, दुपारच्या नमाजानंतर

प्रिय ओदिल,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. रागावून लिहीत नाही. रागावण्याएवढी ताकदच उरलेली नाही. सबंध उन्हाळा दीर्घिकांची छायाचित्रं पाहून डोळे शिणलेत. विद्यापीठाचा जिना चढतानासुद्धा मध्ये टेकावं लागतं. घरी सगळे बरे आहेत. जर्दाळू यंदा गारपिटीत गेले.

गावच्या शाळेतून आपण दोघं इथं आलो, तो पहिला तास आठवतो? आपले प्राध्यापक एर्गाश दोम्ला, त्यांनी विचारलं होतं, "पृथ्वी फिरते, सूर्य फिरतो, दीर्घिका फिरतात. मग सबंध विश्वच तेवढं बसून का?" तू पटकन म्हणालास, "दमलं असेल, दोम्ला." वर्गापेक्षा तेच जास्त हसले. त्या दिवसापासून तू त्यांचा लाडका. मॉस्कोच्या बड्या मंडळींनी "फिरतंय ते तुमचं डोकं" म्हणून त्यांची समीकरणं परत धाडली होती, हे आपल्याला पुष्कळ उशिरा कळलं.

म्हणून यंदाच्या मोजणीच्या निष्कर्षाने मी हरखलो होतो. विश्व खरंच फिरत असेल, तर त्याच्या अक्षाच्या एका बाजूला पाहताना एकाच दिशेने फिरणाऱ्या दीर्घिका थोड्या जास्त दिसायला हव्यात. मला आणि माझ्या विद्यार्थ्यांना तशा दिसल्या, घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरणाऱ्या. तू ते आकडे दोम्लांच्या समीकरणांत बसवलेस आणि ते बसले. तिघांच्या नावाने लेख स्वीकारला गेला. त्याच्या जोरावर तुला तिकडे जर्मनीत कायमची नोकरी मिळणार, हे मला ठाऊक होतं. मी नमाजात शुक्र मानला.

मग खात्री करावी म्हणून तीच छायाचित्रं आरशातल्यासारखी उलटी करून, कुणाला न सांगता, विद्यार्थ्यांना पुन्हा मोजायला दिली. आता पारडं दुसऱ्या बाजूला झुकायला हवं होतं. झुकलं नाही. उलट्या आकाशातही आम्हाला तीच दिशा जास्त दिसली. म्हणजे कल आकाशाचा नव्हता, आमच्या डोळ्यांचा होता.

तुला सांगितलं तेव्हा तू ओरडलास, "आत्ताच आरसा काढायचं काय नडलं होतं तुझं? म्हाताऱ्याला सुखाने जाऊ दे. आणि मला दोन पोरं आहेत, मुरोद!" तुझं चुकलं असं मी म्हणणार नाही. तुझ्या पोरांचे चेहरे आठवून मी आठवडाभर गप्प बसलो.

पण दोम्लांसमोर मला खोटं बसता येत नाही. अंगणातल्या लाकडी बाजेवर उशांना टेकून ते पडले होते. सालोमत-आपा नवऱ्याला चमच्याने चहा पाजत होत्या. मी सगळं सांगितलं. काबाभोवतीचा तवाफही त्याच दिशेने करतात, म्हणून मनाला ती दिशा गोड लागली असेल, असंही म्हणालो. त्यावर ते खेकसले, "डोळा तुझा, हाव माझी. त्यात अल्लाला कशाला साक्षीला ओढतोस, उंटाच्या पिल्ला?" मग डोळे मिटून घेतले. आपा कुजबुजल्या, "झोपले वाटतं." तर म्हणाले, "झोपतोय कसला! उभं आयुष्य गेलं, बाई." आणि मग, "लेख मागे घ्या. विश्व फिरत असेल तर आपल्या लेखावाचूनही फिरेल."

ओदिल, तुझं नुकसान मला दिसतं. त्याला माझ्याकडे औषध नाही. तुझ्यासाठी दुवा मागतो, पण दुव्याने भाडं भागत नाही हेही जाणतो.

लेख मागे घेण्याच्या अर्जावर तिघांच्याही सह्या लागतात. दोम्लांनी केली, आपांनी त्यांचं मनगट धरलं होतं. मी केली. तुझी राहिली. ती करायला तू स्वतः येणार, असं त्यांनीच धरून ठेवलंय. रोज सकाळी दाढी करून घेतात आणि मला विचारतात, "ओदिलचं विमान कधी?" डॉक्टर आता येऊन नुसती नाडी बघून जातात. सही ई-मेलनेही चालते, असं शोधपत्रिकेने मला कधीच कळवलंय. ते मी दोम्लांना सांगितलेलं नाही.

तुझाच,
बोबोमुरोद